लॅपटॉप चालू होतो पण स्क्रीन काळीच: "बोर्ड गेला" हे मान्य करण्याआधी काय काय तपासायचं

मल्टीमीटर (ठाणे पश्चिम)

बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला, पण स्क्रीन काळी. अशा वेळी लोक एकतर सतत चालू-बंद करत बसतात, नाहीतर थेट दुकान गाठतात आणि "बोर्ड गेलाय, बदलावा लागेल" ऐकून परत येतात. बोर्ड, म्हणजे आतला मुख्य मदरबोर्ड, जातो, नाही असं नाही. पण हा निकाल सगळ्या तपासण्यांनंतर लागायला हवा, पाच मिनिटांत नव्हे. म्हणून हा धागा.

लॅपटॉप सुरू होताना एक ठरलेला क्रम असतो. अडॅप्टरचे १९ ते २० व्होल्ट आत येतात. त्यातून ३.३ आणि ५ व्होल्टचे स्टँडबाय (मशीन बंद असतानाही चालू राहणारे) पुरवठे बनतात. बटण दाबलं की बाकीचे पुरवठे एकामागून एक चढतात, प्रोसेसर बायोसमधला (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम) पहिला कोड वाचतो, रॅम तपासतो, ग्राफिक्स चालू करतो, पॅनल (स्क्रीनचा सुटा भाग) ओळखतो, मग कंपनीचा लोगो आणि शेवटी विंडोज. यात कुठेही अडलं तरी बाहेरून दिसतं ते सारखंच. तेव्हा कुठे अडलंय एवढंच आधी शोधायचं, आणि त्यासाठी स्क्रू काढायची गरज नाही.

चालू करून दोन मिनिटं थांबा आणि कॅप्स लॉक दाबा. दर वेळी त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन आतून जिवंत आहे, कळांना उत्तर देतंय. दिवा बदलतच नसेल तर बहुधा रॅम, बायोस किंवा बोर्डापाशी अडलंय. दिवा आपोआप ठरावीक लयीत लुकलुकत असेल तर तो बिघाडाचा कोड आहे, त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा.

कॅप्स लॉक चालतोय? मग एंटर दाबा, स्क्रीन न बघता पिन टाका, पुन्हा एंटर. विंडोजचा आवाज येतो का, राउटरच्या यादीत लॅपटॉप दिसतो का ते पाहा. येत असेल तर प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं धड आहे आणि दोष फक्त दिसण्याच्या वाटेवर आहे. एवढ्या माहितीवर निम्मा खर्च वाचतो.

लोगो नीट दिसतो आणि त्यानंतर काळं होतं, अशांनी लॅपटॉप उघडूच नका. तुमचं काम विंडोजमध्ये आहे.

वाघबीळ

चांगला धागा. उघडण्याआधीचं आणखी थोडं सांगते.

सगळ्यात आधी बाहेरचं सगळं काढा: पेन ड्राइव्ह, डॉक, मेमरी कार्ड, बाहेरचा मॉनिटर, वायरलेस माऊसचा तुकडासुद्धा. मग चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर काढा आणि पॉवर बटण ३० सेकंद सलग दाबून धरा. काही मशीनना ४० सेकंद लागतात, त्यामुळे ४० धरलेले बरे. मग फक्त चार्जर लावून चालू करा. बोर्डावरचा एम्बेडेड कंट्रोलर (बटण, कळा, चार्जिंग सांभाळणारी छोटी चिप) अडकलेला असतो तेव्हा एवढ्यानेच काम होतं, कारण त्याला सतत वीज मिळत असल्याने नुसत्या बंद-चालूने तो रीसेट होत नाही.

दुसरं, झाकणाचा सेन्सर. झाकण बंद झालं हे कळण्यासाठी आत चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर असतो. मोबाईलचं चुंबकी कव्हर किंवा घड्याळाचा चुंबकी पट्टा तळहात टेकवायच्या जागेवर आला की लॅपटॉपला झाकण मिटल्यासारखं वाटतं आणि स्क्रीन बंद होते. ठराविक वेळी, ठराविक माणसाच्या हातात स्क्रीन जाते तिथे हे आधी पाहा.

तिसरं, यूएसबी-सी चार्जर. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर २० व्होल्टला ३.२५ अँपिअर देतो. मोबाईलचा १८ किंवा २५ वॅटचा चार्जर बहुतेकदा ९ व्होल्टवरच थांबतो. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर त्यावर दिवा लागेल, मशीन उठणार नाही. आणि दोन सी पोर्ट असतील तर दोन्ही चार्जिंगचे असतीलच असं नाही, शेजारची खूण बघून लावा.

चौथं, घाई. रॅम बदलली, बायोस अपडेट झाला किंवा सीमॉस (बायोसच्या सेटिंग्जची साठवण) रीसेट केला की त्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला मशीन रॅमच्या वेळा नव्याने जुळवतं. डीडीआर५ (रॅमचा नवा प्रकार) असेल तर काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. त्यात बटण दाबून बंद केलं की पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. दहा मिनिटं हात न लावता सोडा.

मल्टीमीटर

सेन्सरचा मुद्दा फार महत्त्वाचा. बाहेरच्या मॉनिटरबद्दल एक भर: एचडीएमआयवर लोगो दिसला नाही म्हणून ग्राफिक्स गेलं असं ठरवू नका. बरीच लॅपटॉप बायोसच्या टप्प्यात बाहेर चित्र देतच नाहीत. विंडोज पूर्ण चढेपर्यंत थांबा, पिन टाका, मग विंडोज आणि पी (स्क्रीन निवडायच्या कळा), खालचा बाण एकदा, एंटर, पाच सेकंद वाट. नाही आलं तर पुन्हा तेच.

हेच उलटही घडतं. ऑफिसात "सेकंड स्क्रीन ओन्ली" ठेवलं आणि घरी केबल काढून आणली की काही मशीन तोच पर्याय धरून बसतात. तेव्हाही हीच कळ उपयोगी.

ऐरोलीकर

नमस्कार. अचूक लक्षणं देतो, मार्गदर्शन करा. १५.६ इंची, टच नाही, चार वर्षांचा, वॉरंटी संपलेली. दिवा आणि पंखा व्यवस्थित. कॅप्स लॉक चालतो, पिन टाकल्यावर आवाज येतो, टीव्हीला एचडीएमआयने जोडल्यावर डेस्कटॉप नीट दिसतो. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन सुरुवातीपासून पूर्ण काळी, लोगोही नाही. आधी काही आठवडे झाकण मागे नेताना झटकन काळी होऊन परत यायची. एका दुकानात पॅनल बदला म्हणाले, दुसऱ्यात बोर्ड.

मल्टीमीटर

@ऐरोलीकर, तुमची रॅम, एसएसडी, विंडोज, प्रोसेसर सगळं बाजूला काढा, ते ठीक आहे. उरल्या चार गोष्टी: पॅनल, केबल, बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या उजेडाचा) पुरवठा, बोर्डावरचा डिस्प्ले कनेक्टर.

आज रात्री खोली पूर्ण अंधारी करा. लॅपटॉप चालू करून विंडोज चढू द्या. मोबाईलचा टॉर्च स्क्रीनपासून पाचेक सेंटिमीटरवर, तिरका धरा आणि हळूहळू फिरवा, विशेषतः खालच्या पट्टीवर, जिथे टास्कबार असतो. फिकट चित्र दिसलं तर पॅनलपर्यंत चित्र पोचतंय, फक्त मागचा उजेड नाही. काहीच दिसलं नाही तर पॅनलला चित्र किंवा ३.३ व्होल्ट मिळत नाहीत, म्हणजे बहुधा केबल किंवा कनेक्टर. ओलेड स्क्रीनला ही चाचणी लागू नाही, तिथे मागचा उजेडच नसतो. तुमची साधी एलसीडी असणार.

कोलशेत_बेंच

डेलवाल्यांसाठी इथेच नोंदवतो. मशीन बंद करा, चार्जर लावा, डी दाबून धरून पॉवर दाबा. पॅनलची स्वतःची चाचणी चालू होते: पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग येतात. रंग आले तर पॅनल आणि बॅकलाइट दोन्ही बरे. एम आणि पॉवर दाबलं तर बोर्डाची चाचणी होते, दोष असेल तर बॅटरीचा दिवा पिवळसर लागतो.

डेलचे लुकलुक कोड, आधी पिवळसर मग पांढरा: २-१ प्रोसेसर, २-३ रॅम सापडली नाही, २-४ रॅम बिघडली, २-५ चुकीची रॅम, २-६ बोर्ड किंवा चिपसेट, २-७ स्क्रीन, ३-१ नाणेबॅटरी. एचपीत आधी लाल लांब, मग पांढरे छोटे: ३-२ म्हणजे रॅमपाशी अडकलं, ३-३ म्हणजे ग्राफिक्सपाशी, २-२ म्हणजे बायोस खराब झालाय. बायोसचं असेल तर एचपीत विंडोज आणि बी धरून ठेवून पॉवर दोन-तीन सेकंद दाबा, पॉवर सोडा पण त्या दोन कळा धरूनच ठेवा. आतली राखीव प्रत असेल तर तीवरून बायोस परत लिहिला जातो. त्या वेळी चार्जर लागलेला असलाच पाहिजे.

दुकानदाराला या लुकलुकीचा व्हिडिओ दाखवा. २-३ लुकलुकणाऱ्या मशीनला कोणी पॅनल विकत असेल तर तिथून उठून या.

रिकामा_स्लॉट (सानपाडा)

कॅप्स लॉक न चालणाऱ्यांसाठी रॅमचं लिहितो, कारण घरी होण्यासारखं सगळ्यात जास्त यश इथेच आहे.

आधी चार्जर काढा, खालचं झाकण उघडा आणि पहिलं काम म्हणजे आतल्या बॅटरीचा कनेक्टर सोडवा. तो न सोडवता काहीही काढायचं नाही. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललेला दिसला, तर दाबू नका, टोचू नका, तिथेच थांबा.

स्क्रू बहुतेक पीएच० किंवा पीएच००, काही ठिकाणी टॉर्क्स टी५. प्रत्येक स्क्रू कागदावर काढलेल्या आकृतीत त्याच जागी चिकटवून ठेवा. लांब स्क्रू आखूडच्या भोकात गेला की तळहाताच्या बाजूला फुगवटा येतो किंवा बोर्डावरचा ट्रॅक (तांब्याची रेघ) फाटतो.

रॅमच्या दोन्ही बाजूंच्या पकडी बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप तिरकी उठते. डीडीआर४ ला २६० पिना, डीडीआर५ ला २६२, खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकमेकांत बसत नाहीत, जोर लावू नका. संपर्क पुसून पट्टी साधारण ३० अंशांत आत पूर्ण सरकवा. सोनेरी कडा जेमतेम दिसायला हवी. मग खाली दाबा, दोन्ही बाजूंनी टक आवाज यायला हवा. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून चालू करा, मग तीच दुसऱ्या स्लॉटात, मग दुसरी पट्टी. कुठली पट्टी आणि कुठला स्लॉट ते कळतं. संपर्क खोडरबरने हलके घासले तरी चालतात.

एसएसडीसुद्धा एकदा काढून बघा. आतून शॉर्ट झालेली एनव्हीएमई (बोर्डावर थेट बसणारी) एसएसडी बायोसलाच अडकवून ठेवते. ती काढल्यावर लोगो आणि "बूट डिव्हाइस सापडलं नाही" असा संदेश आला तर दोष सापडला.

वाघबीळ

खोडरबरला माझा ठाम विरोध. संपर्कावरचा सोन्याचा थर मायक्रॉनच्याही अंशात असतो. खोडरबर त्याला दर वेळी थोडं खरवडतो, खालचं निकेल उघडं पडतं, आणि त्याचे कण स्लॉटात जाऊन बसतात. तात्पुरतं चालतं आणि पुढच्या पावसाळ्यात तेच परत. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, न सुटणारं मऊ कापड, एकाच दिशेने पुसा, दोन मिनिटं वाळू द्या. स्लॉटात फक्त मऊ ब्रश. हॅंड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

आपल्याकडे हे जास्त का होतं तेही सांगते. खाडीलगतची दमट, खारट हवा आहेच. त्यात उघडे नाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा रासायनिक उद्योगांचा पट्टा. गंधकयुक्त वायू तांब्याला आणि चांदीला काळं करतात, आणि दमटपणा असला की ही क्रिया वेगाने चालते. रबाळे, महापे, कोपरखैरणे या भागात खिडकीशेजारी टेबल असेल तर पावसाळ्यात लॅपटॉप रात्रभर उघडा ठेवू नका.

रिकामा_स्लॉट

अल्कोहोल घरात नसतो म्हणून लोक खोडरबर वापरतात. सोनेरी थराचा मुद्दा मान्य. मग नुसती पट्टी काढून दोन-तीन वेळा घालून-काढून बसवा, त्या घासण्यानेही बहुतेक वेळा संपर्क जुळतो, आणि अल्कोहोल आणून नंतर नीट पुसा.

वाघबीळ

हे पटलं.

दमटपणावरून दवाचं राहिलं. पावसाळ्यात बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २७ अंशांवर असतो. ऑफिसच्या एसीत २२-२३ अंशांना थंड झालेला लॅपटॉप बाहेर काढून लगेच उघडला की त्याच्या धातूवर, आतल्या बोर्डावरसुद्धा, पाण्याचा पातळ थर बसतो. घरी आल्यावर अर्धा-पाऊण तास बॅगेतच राहू द्या. बॅगेची चेन बंदच ठेवा, मग उघडा.

आणि बॅग आतून भिजली असेल तर चालतो का हे बघायला बटण दाबू नका. पाण्याने बोर्ड लगेच जात नाही, पाणी असताना वीज दिल्याने जातो. चार्जर लावायचा नाही, बॅटरी सोडवायची, उघडून अल्कोहोलने धुवायचं. तांदळात ठेवून काही होत नाही, आतला क्षार तिथेच राहतो.

ऐरोलीकर

टॉर्च लावून पाहिलं. टास्कबारचं फिकट चित्र स्पष्ट दिसतंय, माऊसही हलताना दिसतो. ब्राइटनेसच्या कळा पूर्ण वर नेल्या, फरक नाही.

कोलशेत_बेंच

उत्तम, म्हणजे चित्र पोचतंय. पॅनलचा काचेचा भाग आणि चित्राच्या तारा बऱ्या आहेत. आता बॅकलाइट का नाही ते बघू. इथे घाई केली की चांगला बोर्ड मरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सध्याच्या बऱ्याच १५.६ इंची स्क्रीनना ३० पिनांचा ईडीपी (स्क्रीनकडे चित्र नेणारा) कनेक्टर असतो. १२ आणि १३ क्रमांकाच्या पिनांवर पॅनलचे ३.३ व्होल्ट. २२ वर बॅकलाइट चालू करण्याचा सिग्नल, २३ वर उजेड कमी-जास्त करणारा सिग्नल. २६ ते २९ वर बॅकलाइटचा मुख्य पुरवठा. हा पुरवठा बोर्डाच्या मुख्य रेलवरून (वीजपुरवठ्याच्या मुख्य वाहिनीवरून) येतो, मशीनच्या रचनेनुसार साधारण ८ ते १९ व्होल्ट. त्याच्या वाटेत बोर्डावर, डिस्प्ले कनेक्टरच्या जवळ, एक बारीक, बोर्डावरच चिकटवलेला (एसएमडी) फ्यूज असतो.

आता लक्षात घ्या, बिजागरापाशी केबल रोज वाकते. वरचं आवरण झिजतं, २६ ते २९ ची तार भोवतीच्या जाळीला किंवा धातूला टेकते, फ्यूज उडतो आणि बॅकलाइट कायमचा जातो. "झाकण मागे नेताना झटकन काळी व्हायची" हे तुम्ही लिहिलंत तेच त्याचं पूर्वलक्षण. म्हणून माझा पहिला संशय केबल आणि फ्यूज दोन्हींवर, एकत्र.

तपासणी अशी. चार्जर काढा, खालचं झाकण उघडा, बॅटरी सोडवा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून उरलेला भार उतरवा. त्यानंतरच डिस्प्ले केबलला हात. बॅटरी जोडलेली असताना ही केबल काढली-घातली की मुख्य रेलचे व्होल्ट शेजारच्या पिनांवर जाऊ शकतात, आणि त्या पिनांच्या टोकाला थेट प्रोसेसर असतो. दुकानात "पॅनल बघायला गेले आणि बोर्ड गेला" हे याच कारणाने घडतं.

केबल बोर्डापासून सोडवा. मल्टीमीटर ओहमवर ठेवून फ्यूजची दोन टोकं मोजा. १ ओहमच्या आत असेल तर फ्यूज बरा. अनंत दाखवत असेल तर उडालेला. मग फ्यूजच्या कनेक्टरकडच्या टोकापासून जमिनीपर्यंत (ग्राउंड, म्हणजे बोर्डाचा शून्य व्होल्टचा भाग) मोजा, केबल काढलेली असताना. कमी ओहम आला तर शॉर्ट बोर्डावर आहे. नाही आला तर केबल पॅनलला जोडलेली ठेवून तिच्या बोर्डाकडच्या टोकाला, २६ ते २९ आणि जमिनीच्या पिनांमध्ये मोजा, आणि मोजताना बिजागरापाशी केबल हळूहळू वाकवा. आकडा खाली पडला तर केबल. न वाकवताही काही ओहमच असेल तर केबल पॅनलपासूनही सोडवा आणि पुन्हा मोजा. तरीही शॉर्ट दिसला तर केबलच, नाहीसा झाला तर पॅनलच्या पट्टीवरचा एलईडी ड्रायव्हर किंवा कपॅसिटर गेलाय, तेव्हा पॅनल बदलणं आलं.

शॉर्ट शोधल्याशिवाय नवा फ्यूज लावू नका. आणि फ्यूजच्या जागी तार जोडून देणाऱ्याकडे तर जाऊच नका. पुढच्या वेळी तिथे फ्यूज उडणार नाही, बोर्डाचा ट्रॅक जळेल.

रिकामा_स्लॉट

फार मोलाचं. ज्यांना बोर्डावर पिना मोजायच्या नाहीत त्यांनी निदान एवढं छापून दुकानात न्या.

विंडोजचा भाग कोणीच लिहिला नाही, थोडक्यात लिहितो. लोगोनंतर काळं आणि माऊसचा बाण दिसतो, तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, छोटा बीप येतो. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. टास्क मॅनेजर उघडला तर "रन न्यू टास्क" मध्ये एक्सप्लोरर लिहून एंटर. डेस्कटॉप आला तर विंडोजचं कवच (डेस्कटॉप दाखवणारा एक्सप्लोरर) सुरू होत नव्हतं, ड्रायव्हर ठीक आहे.

काहीच उघडत नसेल तर बटण दहा सेकंद दाबून बंद, चालू, विंडोज चढायला लागलं की पुन्हा बंद. असं लागोपाठ केलं की तिसऱ्या वेळी दुरुस्तीचा पडदा येतो. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ म्हणजे सेफ मोड. सेफ मोडमध्ये स्क्रीन नीट दिसली तर ग्राफिक्स ड्रायव्हर काढून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरचा, त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घाला. नुकत्याच अपडेटनंतर सुरू झालं असेल तर त्याच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये "अनइन्स्टॉल अपडेट्स" आहे.

रोज सकाळी एकदाच काळी आणि रीस्टार्टनंतर ठीक, असं असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असताना "शट डाउन" पूर्ण बंद करत नाही, आदल्या दिवशीची ड्रायव्हरची अवस्था जपून ठेवतो. "रीस्टार्ट" मात्र सगळं नव्याने चढवतो.

वाघबीळ

यात एक इशारा ठळक हवा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप. नव्या विंडोज ११ मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेफ मोड, बायोस रीसेट, बोर्ड बदलणं, यांपैकी काहीही केलं की ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हाइसच्या यादीत मिळते, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाकडे. ती हातात आल्याशिवाय सीमॉसची नाणेबॅटरी काढू नका. की नसेल तर एसएसडी दुसऱ्या मशीनला लावूनही फोटो-कागद निघत नाहीत.

सीमॉस रीसेटनंतर आणखी एक होतं. बायोसमधली डिस्क हाताळायची पद्धत आरएसटी किंवा व्हीएमडीवरून एएचसीआयवर (ही त्या पद्धतींची नावं) गेली की विंडोज चढत नाही. बायोसमध्ये ती पूर्ववत केली की चढतं. यासाठी मशीन धड असतानाच बायोसच्या पानांचे फोटो काढून ठेवा. हे आज करण्यासारखं काम आहे.

कोलशेत_बेंच

बायोस चिपबद्दल. अपडेट अर्ध्यात वीज गेली आणि राखीव प्रतही नसेल तर चिप बाहेरून लिहावी लागते. दुकानात तीन गोष्टी विचारा. पहिली, आधीची प्रत दोनदा वाचून जुळवून ठेवणार का? त्यात तुमच्या मशीनचा अनुक्रमांक आणि विंडोजची की असते, नुसती नेटवरची फाइल टाकली की ती जाते. दुसरी, चिप ३.३ व्होल्टची की १.८ ची हे बघितलं का? १.८ च्या चिपवर साधा प्रोग्रॅमर लावला की चिप जाते. तिसरी, काळ्या रंगाचा स्वस्त सीएच३४१ए प्रोग्रॅमर तसाच वापरताय का? त्यातले बरेच डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट टाकतात, तो आधी सुधारून घ्यावा लागतो.

आणि "ग्राफिक्स चिप गरम करून देतो" म्हणणाऱ्याला नकार द्या. दोष बहुतेक वेळा चिपच्या आतल्या सोल्डरच्या बारीक टाक्यांमध्ये असतो. उष्णतेने ते काही दिवस जुळतात आणि परत सुटतात. २००८ मध्ये एनव्हिडियाने याच प्रकारच्या दोषी चिपांसाठी जाहीरपणे मोठी रक्कम बाजूला काढली होती. तेव्हाही चिप बदलणं हाच खरा इलाज होता.

ऐरोलीकर

तुम्ही सांगितलंत त्याच क्रमाने, बॅटरी सोडवून मोजलं. फ्यूज अनंत दाखवतो. बोर्डाच्या बाजूने शॉर्ट नाही. केबल पॅनलला जोडून मोजली, डाव्या बिजागरापाशी वाकवली की २ ओहमच्या आसपास पडतो, सोडली की वर जातो. वरची काळी टेप तिथे फाटलेली दिसते. केबल कुठून आणि कशी मागवू? लॅमिंग्टन रोडला जायलाच हवं का?

मल्टीमीटर

केबल नक्की झाली. पॅनलला हात लावायची गरज नाही.

केबलवर छोटं लेबल असतं, त्यावर डीसी०२ किंवा डीडी० ने सुरू होणारा क्रमांक असेल. त्याचा फोटो घ्या. मॉडेलच्या नावावर मागवू नका, एकाच मॉडेलमध्ये ३० आणि ४० पिनांच्या, टचच्या आणि बिनटचच्या वेगळ्या केबली येतात. क्रमांक जुळला की ऑनलाइन मागवा किंवा ठाणे स्टेशनजवळच्या, वाशीच्या पार्टवाल्यांना फोटो पाठवून विचारा. तिथे नसेल तरच ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. जाताना जुनी केबल बरोबर न्या, दोन्ही टोकं शेजारी धरून बघा.

कोलशेत_बेंच

फ्यूज कुठल्याही बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे पाच मिनिटांचं काम आहे. बोर्डावर एलए किंवा डीए० ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो, त्यावरून सर्किटचा नकाशा काढून फ्यूज किती अँपिअरचा ते बघायला सांगा. तेवढ्याच अँपिअरचा लावायचा, जास्तीचा नाही. लेखी अंदाजपत्रक घ्या: "फ्यूज बदलणे, केबल बदलणे", आणि जुने भाग परत मागा.

केबल बसवताना बिजागराचे स्क्रू ढिले झालेत का ते आधी बघा. बिजागर घट्ट झालं असेल तर नवी केबलही तशीच कापली जाईल. केबल मूळ खाचेतूनच न्या. वळणाच्या जागी ती ताणलेली नको आणि चिमटलेलीही नको. नवी काळी ॲसिटेट टेप लावा, साधी सेलोटेप उष्णतेने सुटते. पॅनलकडचा कनेक्टर सरळ रेषेत सरकवा, त्याची धातूची पट्टी खाली पाडा. स्क्रीनभोवतीची पट्टी लगेच बसवू नका. बॅटरी जोडण्याआधी पुन्हा ओहम मोजा, झाकण पूर्ण मिटून आणि पूर्ण उघडून. दोन्हीकडे आकडा स्थिर असेल तरच चालू करा.

ऐरोलीकर

लेबल सापडलं, डीसी०२ नेच सुरू होतंय, ३० पिना. केबल मागवली आहे. फ्यूजचं काम केबल आल्यावरच करून घेतो. डाव्या बिजागराचा एक स्क्रू खरंच बाहेर आलेला होता.

कोलशेत_बेंच

तो स्क्रू बसवण्याआधी त्याखालची पितळी नट प्लास्टिकमधून उखडली आहे का बघा. उखडली असेल तर दोन भागांच्या इपॉक्सीने बसवा आणि २४ तास वाळू द्या. त्याआधी झाकण हलवू नका.